विनामूल्य गीतसंग्रह : हक्क, हिशेब आणि अनुभव

स्वतंत्र निर्मिती आणि विनामूल्य वितरण या दोन गोष्टींचा उच्चार बहुधा एका दमात होत असला, तरी त्या परस्परांवर अवलंबून नाहीत. ध्वनिमुद्रिका कंपनीचे भांडवल आणि तिची निवड या दोहोंना बाजूला ठेवून संगीतकाराने स्वतःच निर्माता होणे ही स्वतंत्र निर्मिती होय; मुद्रित संगीत श्रोत्याच्या हाती देताना त्याच्याकडून काहीही न मागणे हे विनामूल्य वितरण होय; आणि पहिली वाट धरणारे बहुतेक संगीतकार दुसरीकडे वळत नाहीत, कारण घातलेला पैसा थोडाफार तरी परत यावा ही त्यांची अपेक्षा रास्तच असते. प्रस्तुत लेखकाने पुण्यात केलेल्या सात नव्या चालींच्या मराठी गीतसंग्रहात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्या अनुभवातून प्रामुख्याने ध्यानात आले ते असे की, श्रोत्याला पैसे पडत नाहीत म्हणून खर्च नाहीसा होत नाही, तो प्रकाशनाच्या अलीकडे सरकतो; विक्री सुरू झाली की पाहू, असे एरवी ज्यांना सांगता येते त्या सर्वांचे देणे येथे आधीच चुकते करावे लागते, आणि त्यासाठी पाकीट पुरत नाही, कागदही लागतो.

अशा प्रकाशनाची चर्चा निघाली की इंग्लंडमधील रेडिओहेड या बँडचे उदाहरण हमखास दिले जाते. त्यांनी १० ऑक्टोबर २००७ रोजी ‘इन रेनबोज’ हा अल्बम श्रोत्याने ठरवलेल्या किमतीला, अगदी शून्यालाही, उतरवून घेण्यासाठी खुला केला. त्यानंतर मे २००८ मध्ये अमेरिकेतील नाइन इंच नेल्सने ‘द स्लिप’ पूर्णपणे विनामूल्य दिला. ही उदाहरणे उद्बोधक असली तरी नवोदिताला फसवी आहेत, कारण या दोघांचाही श्रोतृवर्ग आधीच्या कित्येक वर्षांत कंपन्यांच्या जाहिरातीवर आणि दौऱ्यांवर उभा राहिलेला होता. मराठी संगीतकाराला त्याहून जवळचा दाखला ‘गीतरामायणा’चा आहे. ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीते सुधीर फडके यांच्या चालींत १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक याप्रमाणे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झाली. घरोघरीच्या श्रोत्याला गाण्यागणिक काही मोजावे लागत नव्हते, तथापि त्यामागे एक सार्वजनिक संस्था, तिचे वादक आणि तिचा स्टुडिओ उभा होता. विनामूल्य संगीतामागे कोणीतरी पैसे मोजणारा असतोच, एवढे या दाखल्यावरून स्पष्ट होते. तो कोण, हा प्रश्न स्वतंत्र संगीतकाराला स्वतःच्या घरातच सोडवावा लागतो. कीर्तन परंपरेने तो आरतीच्या ताटाने सोडवला होता, आणि त्या ताटाचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे.

संग्रहाची सुरुवात चालींपासून झाली असली तरी काम अडले ते शब्दांपाशी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क, म्हणजे प्रती काढण्याचा, गाण्याचा, रूपांतर करण्याचा एकाधिकार, टिकतो. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७ च्या आरंभापासून सर्वांसाठी खुल्या झाल्या. कुसुमाग्रजांच्या बाबतीत, त्यांचे निधन १९९९ मधील असल्यामुळे, हीच मुदत २०५९ च्या अखेरपर्यंत आहे. संग्रहातील एक गीत बहिणाबाई चौधरींचे घ्यायचे ठरले तेव्हा हिशेब थोडा वेगळा निघाला. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक १९५२ मध्ये निघाले. मृत्यूपूर्वी अप्रकाशित राहिलेल्या साहित्याची मुदत कलम २४ नुसार मृत्यूपासून मोजली जात नाही, ती प्रथम प्रकाशनापासून मोजली जाते, त्यामुळे त्या पुस्तकात प्रथम आलेली गाणी २०१३ च्या आरंभी मोकळी झाली. वर्षभराचा हा फरक आज निरुपयोगी वाटेल, परंतु मरणोत्तर संकलने ज्यांची वारंवार निघतात अशा कवींच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो. शिवाय कवितेचा हक्क संपला म्हणून तिला दिलेल्या प्रचलित चालीचा हक्क संपत नाही. चाल ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र संगीतकृती असते आणि तिची मुदत संगीतकाराच्या आयुष्यावरून मोजली जाते. म्हणूनच बहिणाबाईंच्या शब्दांना येथे पूर्णतः नवी चाल देणे हे सर्जनाच्या हौसेइतकेच कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक होते.

उरलेल्या सहांपैकी एक रचना शब्दांवाचून, केवळ आलापीची होती. पाच गीतांसाठी हयात कवीची गरज होती. ज्या गीतकारांशी प्रथम बोलणे झाले त्यांनी शब्द आनंदाने देऊ केले, पण ते हक्क-वसुली करणाऱ्या संस्थेचे सभासद होते. आपल्या गीतांच्या सार्वजनिक सादरीकरणाचे हक्क सभासद होतानाच संस्थेकडे सोपवले जातात, त्यामुळे पुढे एखादे गाणे कोणालाही वाजवू देण्याचे औदार्य गीतकाराच्या एकट्याच्या हाती राहत नाही. ही व्यवस्था गीतकारांच्या भल्यासाठीच उभी राहिलेली आहे आणि चित्रपटगीते लिहिणाऱ्यांना तिचा आधार मोठा आहे. विनामूल्य संग्रहाशी मात्र तिचा मेळ बसत नाही. अखेरीस पाचही गीते अशा संस्थेशी संबंध नसलेल्या एका कवयित्रीकडून लिहून घेण्यात आली.

येथे ‘विनामूल्य’ या शब्दाखाली दडलेले दोन वेगळे व्यवहार स्पष्ट करणे आवश्यक आहे. एक म्हणजे हक्क सोडून देणे: कलम २१ प्रमाणे कर्ता निबंधकाला कळवून अथवा जाहीर सूचना देऊन आपला स्वामित्वहक्क सोडू शकतो, आणि मग त्या कृतीवर त्याची काहीच अट राहत नाही. दुसरा म्हणजे हक्क स्वतःकडे ठेवून सर्वांना एकदम परवानगी देणे. या दुसऱ्या व्यवहारासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ च्या डिसेंबरात तयार परवाने प्रसिद्ध केले. त्यांतील घटक मोजके आहेत: कर्त्याचे नाव द्यावे, व्यापारी वापर करू नये, फेरफार करू नयेत, किंवा फेरफार केल्यास नवी कृतीही त्याच परवान्याखाली खुली ठेवावी. या संग्रहासाठी श्रेयनिर्देश, अव्यापारी वापर आणि समान परवाना हे तीन घटक निवडले गेले. फेरफारांना मज्जाव करणारा घटक टाळण्यामागचे कारण पूर्णतः सांगीतिक होते, कारण ज्या परंपरेत बंदिश गाणाऱ्यागणिक बदलते तेथे ‘जसेच्या तसे’ ही अट कोणालाच पाळता येणारी नाही.

असा परवाना देणाऱ्याच्या हाती सर्व हक्क असले पाहिजेत, आणि येथेच सहवादकांचा प्रश्न उभा राहतो. तबला, पेटी आणि बासरी वाजवणाऱ्यांना कायदा ‘सादरकर्ते’ मानतो आणि आपल्या वादनाच्या मुद्रणावर त्यांना स्वतंत्र हक्क देतो. २०१२ च्या दुरुस्तीने हे हक्क अधिक बळकट झाले. मराठी संगीतव्यवहारात मात्र वादकाचे मानधन आजही बहुधा पाकिटातून आणि बोलाचालीने दिले जाते. मैत्रीत कागद कशाला, हा प्रश्न येथेही निघाला, आणि त्यात थोडा दुखावलेपणाही होता. परंतु कायदा या बाबतीत काटेकोर आहे: परवाना लेखी हवा, आणि हक्क सोपवताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजावा, असे कलम १९ सांगते, हे कलम योग्य त्या फेरफारासह परवान्यांनाही लागू होते. कायमसाठी आणि जगभर खुला केलेला संग्रह अशा अबोल संमतीवर उभा राहिला, तर त्याचा पाया सहाव्या वर्षी आणि देशाच्या सीमेबाहेर डळमळीत होतो. म्हणून साध्या मराठीत एक पानी करारनामा तयार करण्यात आला. त्यात मुद्रणाच्या दिवशी द्यायचे मानधन, परवान्याचे तीन घटक, कायमस्वरूपी मुदत, जगभरचा प्रदेश, नाव कसे छापावे याचा तपशील आणि पुढेमागे कोणी व्यापारी वापरासाठी पैसे दिलेच तर त्यांची वाटणी कशी व्हावी, एवढ्या गोष्टी होत्या. शेवटची अट त्या वेळी सर्वांनाच हास्यास्पद वाटली. पेटीवादकांनी तर आपल्या वाट्याचे पैसे गणेशोत्सवाच्या वर्गणीत जमा करावेत, असे सही करतानाच सांगून ठेवले.

खर्चाचा सर्वांत मोठा भाग या मानधनांचा होता, आणि तो तसाच असावा असे लेखकाचे मत आहे. संगीतकार आपले श्रम फुकट देऊ शकतो, कारण निर्णय त्याचा असतो. दुसऱ्याच्या तबल्यावरील थाप परस्पर फुकट वाटण्याचा अधिकार त्याला नाही. कला मोकळी असावी असे म्हणणाऱ्यांच्या उत्साहात ही गोष्ट अनेकदा विसरली जाते, आणि ‘तुम्हाला नाव मिळेल’ या आश्वासनावर वादकांना बोलावले जाते. नावावर वाण्याकडे उधारी मिळत नाही.

बचत करता आली ती स्टुडिओच्या भाड्यात. तासावर भाडे आकारणाऱ्या स्टुडिओऐवजी सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या मधल्या खोलीत मुद्रण झाले. भिंतींवर गोधड्या टांगून खोलीचा घुमारा आटोक्यात आणला गेला, आणि मुद्रणाची वेळ शेजाराने ठरवली. रात्री रिक्षा थांबल्यानंतर आणि पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वी जो अवधी मिळतो तोच खरा. पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजू लागली की तोही जातो. संगणकावर मुद्रणासाठी आर्डर ही मुक्त प्रणाली वापरली गेली. मुक्त प्रणाली म्हणजे जिचा मूळ संकेत पाहण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा सर्वांना असते अशी संगणकीय प्रणाली. प्रत्येक वाद्याचे मुद्रण वेगळ्या पट्टीवर, ज्याला ट्रॅक म्हणतात, ठेवले गेले, आणि पुढे हे सुटे ट्रॅकही गाण्यांसोबत खुले करायचे असल्यामुळे सांगीतिक निर्णयांना एक वेगळाच अर्थ आला, कारण एरवी एकत्रित नादात झाकले जाणारे आता उघड्यावर येणार होते.

त्यांतील पहिला प्रश्न तानपुऱ्याचा. फोनवरील तानपुऱ्याच्या ॲपचा नाद मुद्रणात सहज घेता येतो, पण त्या नादाच्या मूळ मुद्रणाचा हक्क ॲप बनवणाऱ्याचा असतो आणि तो स्वतंत्र ट्रॅक म्हणून पुढे वाटण्याची मुभा क्वचितच असते. त्याशिवाय तोच तयार नाद अनेकांच्या गाण्यांत असल्याने, मुद्रणांची आपोआप तुलना करणाऱ्या यंत्रणा एकाचे गाणे दुसऱ्याचे समजतात. म्हणून मिरजेचा प्रत्यक्ष तानपुरा मुद्रित करण्यात आला. मिरजेच्या तंतुवाद्यांचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो, आणि तार घोडीवरून जाते तेथे सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. जवारी म्हणजे तारेचा घोडीच्या पृष्ठभागाशी होणारा तो निसटता स्पर्श, ज्यामुळे तारेचे वरचे स्वरांश खुलून येतात. काळी दोन पट्टीत जवारी नीट लागेपर्यंत मुद्रण थांबले होते, आणि ते थांबणे सार्थ ठरले, कारण सातही रचनांखाली तोच एक नाद राहणार होता.

या तानपुऱ्याने पेटीचा प्रश्न निर्माण केला. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. सेंट हे स्वरांतर मोजण्याचे सूक्ष्म माप असून एका सप्तकाचे १२०० सेंट होतात. पेटीचे सूर समान अंतराने लावलेले असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर, म्हणजे सुमारे १४ सेंट चढा असतो. मैफलीत कान हा फरक सोडून देतात, परंतु तानपुरा आणि पेटी हे दोन्ही ट्रॅक सुटे ऐकणाऱ्याला तो लपत नाही. म्हणून शुद्ध गंधारावर विसावणाऱ्या दोन गीतांतून पेटी काढून तेथे बासरी ठेवण्यात आली. पेटीवादकांनीच हा बदल सुचवला.

लयीच्या बाबतीत घेतलेला निर्णय मात्र वितरणानंतर वादग्रस्त ठरला. एकसारख्या ठोक्याची क्लिक कानात ऐकवत वादन करून घेतले, तर निरनिराळे ट्रॅक संगणकावर तंतोतंत जुळवता येतात. पण गाणे अंतऱ्याकडे जाताना लय किंचित चढते आणि मुखड्यावर येताना सैलावते, हे भावगीताच्या गायनात इतके स्वाभाविक आहे की क्लिकने ते मारून टाकले असते. त्यामुळे तबला आणि गाणे एकत्रच मुद्रित झाले. परिणामी सुटे ट्रॅक घेऊन त्यांवर इलेक्ट्रॉनिक ताल चढवू पाहणाऱ्या तरुणांना ते अवघड गेले, आणि मोकळे दिलेले संगीत वापरायला सोपे का केले नाही, अशी तक्रार एकाने कळवली. तक्रार प्रामाणिक होती. उत्तर एवढेच की संग्रह प्रथम ऐकण्यासाठी होता आणि नंतर वापरण्यासाठी.

मिक्सिंग म्हणजे सुट्या ट्रॅकचे परस्परप्रमाण ठरवणे, आणि मास्टरिंग म्हणजे तयार झालेल्या सर्व गाण्यांचा एकूण नाद वितरणासाठी एकसारखा करणे. मोठे ऐकू यावे म्हणून मुद्रणातील लहान-मोठे आवाज एका पातळीला दाबण्याची पद्धत सार्वत्रिक झाली आहे, परंतु आता संगीत ऐकवणाऱ्या प्रमुख सेवा स्वतःच सर्व गाण्यांची पातळी सारखी करत असल्याने त्या स्पर्धेतून काही निष्पन्न होत नाही. म्हणून येथे तानपुऱ्याचा श्वास राखण्याला प्राधान्य मिळाले. फोनच्या लहान स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो, त्यावर उपाय सापडला नाही.

वितरणासाठी दोन रूपे तयार केली गेली. एक फ्लॅक, ज्यात मूळ मुद्रणातील काहीही न गाळता माहिती आटोपशीर केली जाते, आणि दुसरे एमपीथ्री, ज्यात कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून आकार लहान केला जातो. मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट व्यापणारे मूळ मुद्रण त्यामुळे दोन-अडीच मेगाबाइटांत मावते. दोन्ही रूपे, सुटे ट्रॅक, शब्द आणि भातखंडे पद्धतीचे स्वरलेखन इंटरनेट अर्काइव्हवर ठेवण्यात आले. विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांच्या मुठीत राहिलेल्या बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या, तेव्हा त्यांवर टीकाही झाली होती, सुटे ट्रॅक देताना त्याच कामाची एक लहान पायरी चढत असल्याची जाणीव लेखकाला होती, आणि ती थोडी अहंकाराची असली तरी ती नाकारण्यात अर्थ नाही. मासिक वर्गणीवर वा जाहिरातींवर चालणाऱ्या बहुतेक सेवांमध्ये थेट प्रवेश नसतो. तेथे मध्यस्थ वितरकाला बहुधा वार्षिक शुल्क द्यावे लागते. म्हणजे श्रोत्याला फुकट ऐकवण्यासाठी निर्मात्याने दरवर्षी पैसे भरायचे, आणि भरणे थांबले की गाणी उतरायची. लेखकाने हा मार्ग घेतला नाही, यामुळे श्रोते कमी मिळाले हे उघड आहे.

जे मिळाले ते मुख्यतः व्हॉट्सॲपवरून. एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे गाणे जाताना सोबतचा मजकूर गळून पडतो आणि उरते ती केवळ फाइल. म्हणून कवयित्रीचे, वादकांचे नाव आणि परवाना ही माहिती फाइलच्या आतच, टॅग म्हणतात त्या नोंदींत, घातलेली होती. देवनागरीतील या नोंदी जुन्या गाड्यांच्या प्लेअरवर प्रश्नचिन्हांच्या ओळी म्हणून दिसत, त्यामुळे फाइलचे नाव रोमन लिपीत आणि आतील नोंद देवनागरीत, अशी तडजोड करावी लागली.

स्वेच्छेने काही द्यायचे असल्यास यूपीआयचा पत्ता दिलेला होता, आणि येथे कीर्तनाचे ताट पुन्हा समोर आले. रकमा जवळजवळ सर्वच ५१, १०१, २५१, ५०१ अशा येत. वरचा एक रुपया कोणी शिकवला नव्हता. श्रोते किंमत देत नव्हते, ते ताटात घालत होते, आणि किमतीला जशी घासाघीस असते तशी ताटाला नसते. परदेशातील मराठी श्रोत्यांना हा मार्ग सहसा वापरता येत नव्हता. त्यांच्यापैकी काहींनी पैशांऐवजी आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात गीते बसवल्याचे कळवले. एकूण जमा खर्चाच्या जवळपासही गेली नाही. मानधने आधीच दिलेली असल्यामुळे त्या तुटीची झळ एका घराबाहेर कोणाला लागली नाही.

परवान्यातील अव्यापारी वापराची अट कागदावर स्पष्ट दिसते, व्यवहारात तेवढी नाही. नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात गीत वापरणे व्यापारी की अव्यापारी, वर्ग शुल्क घेतो म्हणून? लेखकाने अशा प्रत्येक विचारणेला अव्यापारी ठरवले. एका प्रायोगिक नाट्यसंस्थेने शब्दांवाचूनची रचना आणि बहिणाबाईंचे गीत मागितले तेव्हा पेच अधिक खरा होता: प्रयोगाला तिकीट होते, पण तिकिटातून नाट्यगृहाचे भाडेही निघत नव्हते. तिकीट विकणारा प्रयोग हा व्यापारी वापरच, भले त्यात तोटा असो, असा अर्थ लेखकाने लावला आणि प्रयोगागणिक एक माफक रक्कम ठरवून वेगळी लेखी परवानगी दिली. नाट्यसंस्थेनेही ती मान्य केली. रक्कम आली की ती करारनाम्यातील हास्यास्पद कलमाप्रमाणे वाटली जाते. बासरीवादक दर वेळी पैसे मिळाल्याची पोच पाठवतात, आणि पेटीवादकांचा वाटा त्यांच्या सांगण्यावरून गणेशोत्सव मंडळाच्या पावतीपुस्तकात जातो.